घर बांधताना, घर राखताना

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. पण याच तारखेला आणखी एक स्मरण जोडलेलं आहे, ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकंही होती. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या स्फोटांत मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात शाळांत प्रात्यक्षिकं होतात, भित्तिपत्रकं लागतात, भाषणं होतात. २१ एप्रिलला आपण सगळे आपापल्या कामाला लागतो.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. इंजिनिअर नाही आणि अग्निशमन दलाशीही माझा काही संबंध नाही. मग या विषयावर मी का बोलावं? कारण साधं आहे. मी एका सात मजली इमारतीत राहतो. तिथं अठ्ठावीस बिऱ्हाडं आहेत आणि त्यांच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून मी काही वर्षं काम केलं. सचिव झालं की गळतीपासून लिफ्टपर्यंत सगळ्या तक्रारी आपल्या दारात येतात. त्या तक्रारींचा पाठपुरावा करता करता मला मिस्त्री भेटले, इंजिनिअर भेटले, अग्निशमन दलातले अधिकारी भेटले. त्यांना मी खूप प्रश्न विचारले. त्यातून जे समजलं, ते सामान्य माणसाच्या भाषेत तुमच्यापुढं ठेवतो आहे.

आपल्या मनात दोन वेगळे कप्पे असतात. इमारत कोसळली की तो बिल्डरचा विषय, आणि आग लागली की तो अग्निशमन दलाचा विषय. पण दोन्हींच्या मुळाशी गेलं तर एकच प्रश्न उरतो. जे काम पुढं झाकलं जाणार होतं, ते झाकण्यापूर्वी कुणी डोळ्यांनी पाहिलं होतं का? प्लास्टर सगळं झाकतं. फॉल्स सीलिंग सगळं झाकतं. प्रमाणपत्राचा कागदही पुष्कळ काही झाकतो.

आधी बांधकामाकडं पाहू. आज आपल्या बहुतेक इमारती आरसीसीच्या असतात, म्हणजे काँक्रीट आणि त्याच्या पोटात लोखंडी सळया. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ओढ बसली की तडकतं. लोखंड ओढ सोसतं, पण उघड्यावर गंजतं आणि आगीत मऊ पडतं. म्हणून या दोघांचा संसार लावून दिलेला आहे. सळईनं ओढ घ्यायची आणि काँक्रीटनं सळईला पाणी, हवा आणि आग यांच्यापासून झाकून ठेवायचं. हा संसार टिकायला चार गोष्टी लागतात. त्यातली एकही फार महाग नाही.

पहिली गोष्ट पाणी. सिमेंट घट्ट होतं ते वाळल्यामुळं, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं. या क्रियेला पाणी लागतं, पण मोजकंच. ५० किलोच्या एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुरतं. पण घट्ट मिश्रण फावड्यानं ओढायला जड जातं, म्हणून कामावर आणखी एक बादली ओतली जाते. मिश्रण सरसर वाहतं, काम लवकर उरकतं. हे जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि आपल्या जागी बारीक छिद्रं ठेवून जातं. स्लॅब दिसायला तसाच दिसतो, पण आतून स्पंजाकडं झुकलेला असतो.

दुसरी गोष्ट कव्हर. सळईच्या बाहेरच्या अंगाला काँक्रीटचा जो थर असतो, त्याला कव्हर म्हणतात. भारतीय मानकाप्रमाणं स्लॅबला किमान २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर कव्हर लागतं. समुद्राजवळ त्याहून जास्त. हे अंतर राखण्यासाठी सळयांच्या खाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात, त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. त्यांची किंमत अगदी किरकोळ असते. ते ठेवले नाहीत तर सळई थेट फळीला टेकते आणि फळी काढल्यावर ती जवळजवळ पृष्ठभागावरच असते. मग पावसाचं पाणी तिच्यापर्यंत पोचतं. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ते आतून काँक्रीटला ढकलतं आणि छताचा पोपडा खाली पडतो. कोकणातल्या आणि मुंबईच्या आसपासच्या लोकांना हे दृश्य चांगलं ओळखीचं आहे. खाडीची खारट रेती न धुता वापरली असेल तर हे सगळं आणखी लवकर घडतं, कारण मीठ गंजाला आतूनच आमंत्रण देतं.

तिसरी गोष्ट पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग. नव्या काँक्रीटला निदान सात दिवस सतत ओलं ठेवावं लागतं. आज बाजारात राखमिश्रित सिमेंट मोठ्या प्रमाणावर मिळतं, त्याला निदान दहा दिवस. कडक उन्हाळ्यातही दहा दिवस. स्लॅबवर मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळून भिजवतात. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून पहिली काटछाट इथंच होते. टेकूंचंही तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांच्या आत काढायचे नसतात, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवसांच्या आत काढायचे नसतात. सेंटरिंगचं भाडं दिवसावर चढतं, त्यामुळं ठेकेदाराचा जीव टेकूंत अडकलेला असतो.

चौथी गोष्ट चाचणी. काँक्रीट ओतताना त्याच मिश्रणाचे १५० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्राखाली दाबून फोडतात. ‘एम २०’ म्हणजे घरांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रतीचं काँक्रीट असेल, तर असा एक ठोकळा साधारण ४५ टनांचा भार सोसतो. एवढा तळहाताहून थोडा मोठा ठोकळा आणि त्यावर ४५ टन! हे ऐकलं तेव्हा मला काँक्रीटबद्दल आदर वाटू लागला. आपण त्याच्याशी प्रामाणिक राहिलो तर ते आपल्याशी किती प्रामाणिक राहतं, हे त्या आकड्यात आहे.

आणि आपण प्रामाणिक राहिलो नाही तर? ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्र्याच्या शिळफाटा परिसरात एक इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ती वनखात्याच्या जागेवर परवानगीशिवाय, काही महिन्यांत उभी केलेली होती. वर मजले चढत होते आणि खाली माणसं राहायलाही आली होती. मृतांत बांधकामावरचे मजूर आणि त्यांची लेकरं होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. ती काही जुनीपुराणी नव्हती, दहा वर्षांच्या आगेमागे बांधलेली होती. त्यानंतर महिन्याभरातच, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीत तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांसह खाली आली आणि ३५हून अधिक जीव गेले. आणि चांगली उभी असलेली इमारतही आपण पाडू शकतो. मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर दुरुस्तीचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. आपल्या फ्लॅटच्या आतला कॉलम आपला एकट्याचा नसतो. त्याच्यावर वरच्या सगळ्या घरांची झोप अवलंबून असते.

आता आगीकडं येऊ. वर मी कव्हरचा उल्लेख केला. तेच कव्हर आगीतही आपलं रक्षण करतं. घराला पूर्ण आग लागली की खोलीतलं तापमान ८०० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. लोखंड ६०० अंशांच्या आसपास आपली निम्मी ताकद गमावून बसतं. काँक्रीट मात्र उष्णता हळूहळू आत जाऊ देतं. सळईवर काँक्रीटचा पुरेसा थर असेल, तर आतली सळई तापायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात माणसं बाहेर पडू शकतात, अग्निशमन दलाचे जवान आत जाऊ शकतात. हा थरच पडून गेला असेल, तर जवान ज्या स्लॅबखाली उभे आहेत तो किती वेळ टिकेल हे कुणी सांगू शकत नाही. चांगलं बांधकाम ही आगीपासून बचावाची पहिली पायरी आहे, ती या अर्थानं.

पण एवढ्यानं भागत नाही, कारण आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळांनी मरत नाहीत, धुरानं मरतात. फोम, प्लास्टिक, रेक्झिन जळतं तेव्हा काळा, विषारी धूर निघतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो, ना त्याला वास असतो. दोन-चार मिनिटांत माणूस गोंधळतो, मग खाली बसतो, मग उठत नाही. हा धूर गरम असल्यानं वर धावतो आणि वर जाण्याची सोपी वाट म्हणजे आपला जिना. म्हणजे आपली सुटकेची वाट आणि धुराची वाट एकच असते. म्हणून जिन्याला खिडक्या हव्यात, उंच इमारतीत जिन्याला आपोआप बंद होणारी दारं हवीत आणि ती दारं वीट लावून उघडी ठेवलेली नसावीत.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी काय झालं ते आठवा. आग तळाच्या वाहनतळालगतच्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरू झाली. माणसं गेली ती वर बाल्कनीत, ५९ जण, गुदमरून. वाढीव खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. मुंबईत कमला मिल परिसरात २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहात आग लागली, १४ जण गेले. धुरापासून वाचण्यासाठी कित्येकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता आणि तिथंच ते गुदमरले. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या रात्री नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली, आणि गेलेल्यांपैकी बहुतेक धुरानं. ज्यांना अजून नावंही ठेवली नव्हती अशी बाळं. या घटनेवर मला कविता लिहिता आली नाही. अशा वेळी कवितेपेक्षा वायरिंग तपासणारा माणूस जास्त उपयोगी असतो, असं मला प्रामाणिकपणं वाटतं.

धुराला आणखी एक वाट असते, ती आपल्याला दिसत नाही. इमारतीत तळापासून वरपर्यंत विजेच्या केबलसाठी एक उभी पोकळी ठेवलेली असते, तिला डक्ट म्हणतात. प्रत्येक मजल्यावर केबल जिथून स्लॅब ओलांडते, तिथलं भोक न जळणाऱ्या मालानं बुजवायचं असतं. पुढं इंटरनेटवाला येतो, केबलवाला येतो, प्रत्येक जण नवं भोक पाडतो आणि निघून जातो. त्या डक्टला धुराड्याचं रूप येतं. तळमजल्यावर मीटर पेटला की पाचव्या मजल्यावर धूर. कुणी डक्टमध्ये जुन्या रद्दीचे गठ्ठे ठेवलेले असले, तर मग विचारायलाच नको.

दुरुस्ती आणि सजावट यांतूनही धोका वाढू शकतो, हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरनं जगाला दाखवलं. १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रीजमधून सुरू झालेली आग २४ मजली इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरून माथ्यापर्यंत चढली आणि ७२ माणसं गेली. इमारतीचा काँक्रीटचा सांगाडा उभाच राहिला. आग पसरली ती वर्षभरापूर्वीच पूर्ण झालेल्या नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणावरून. आपल्याकडंही आता जुन्या इमारतींना बाहेरून चकचकीत पॅनेल लावायची हौस वाढते आहे. ते पॅनेल कशाचं आहे, त्याच्या पोटात प्लास्टिक आहे का, हे सर्वसाधारण सभेत रंगाच्या आधी विचारायला हवं.

कायदा काय सांगतो? ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्यानं आगीपासून बचावाची साधनं बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकलेली आहे. म्हणजे गृहनिर्माण संस्थेत ती आपल्यावरच येते. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला नमुना ‘ब’ म्हणतात, ते परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यायचं असतं. इमारतीच्या बांधकामाबाबत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तरतूद आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरची असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. आणि नव्या घराबाबत २०१६चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे आपल्या बोलीतला ‘रेरा’, असं सांगतो की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष दिसून तो बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्यानं तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा.

तर कायदे आहेत. अडचण पुढं सुरू होते. एका जुलैमध्ये आमच्या संस्थेत प्रमाणपत्र देणारे गृहस्थ आले. हातात टाइप केलेला कागद तयारच होता. मी म्हटलं, “आपण गच्चीवर जाऊन पंप सुरू करून पाहू.” ते म्हणाले, “साहेब, सगळं ओके आहे, तुम्ही कशाला त्रास घेता?” तरी आम्ही वर गेलो. पंपाची बॅटरी उतरलेली होती. तो सुरूच झाला नाही. पाचव्या मजल्यावर आगीच्या नळीचं पितळी नोझल कुणीतरी चोरून नेलेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह रंगाच्या थरांत घट्ट बसलेला होता. कागदावर मात्र तिन्ही गोष्टी ‘सुस्थितीत’ होत्या. आम्ही तो कागद परत केला आणि आधी दुरुस्ती करून घेतली. दर घरामागं वर्गणी निघाली, तेव्हा सभेत आवाज चढले. “दहा वर्षांत एकदा तरी आग लागली आहे का?” असं एका सभासदानं विचारलं. त्यांच्याच शेजारी बसलेल्या निवृत्त एसटी चालकांनी शांतपणं उत्तर दिलं, “मी तीस वर्षं गाडी चालवली. ब्रेक रोज तपासत होतो. अपघात झाला नाही म्हणून ब्रेक काढून नाही ठेवले.” ठराव मंजूर झाला.

जिन्याचं प्रकरण याहून नाजूक होतं. चपलांची कपाटं, मुलांच्या सायकली, जुनं वॉशिंग मशीन, रद्दी असं पुष्कळ काही जिन्यात होतं. ते महिन्याभरात हललं. उरली तिसऱ्या मजल्याच्या वळणावरची एका आजींची तुळस, चांगली मोठी कुंडीतली. ती हलवा असं मी कसं सांगायचं, या विचारानं मी चार दिवस गप्प होतो. शेवटी आजींकडं गेलो आणि धूर जिन्यात कसा भरतो, अंधारात माणसं कशी अडखळतात, ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “अहो, मग एवढे दिवस सांगितलं का नाहीत? तुळस माणसाला वाचवायला असते, पाडायला नाही.” कुंडी फाटकापाशी आली. आता येता-जाता सगळेच तिला पाणी घालतात. नियम समजावून सांगितला तर माणसं ऐकतात, हा माझा अनुभव आहे. नोटीस फळ्यावर चिकटवून ऐकत नाहीत.

आता आपल्या हातात काय आहे ते थोडक्यात. घर घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा आणि बांधकाम सुरू असताना एखादी चक्कर मारा. सळयांखाली कव्हर ब्लॉक आहेत का, स्लॅबवर पाणी साठवलेलं आहे का, ठोकळ्यांच्या चाचणीचे अहवाल आहेत का, एवढं विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. विचारणारा माणूस आहे हे कळलं तरी कामात फरक पडतो. राहत्या घरात छताचा पोपडा पडला तर त्यावर नुसतं प्लास्टर चढवू नका. आत सळई किती गंजली आहे ते आधी पाहायला सांगा. प्लास्टरवरची केसासारखी बारीक रेघ बहुधा निरुपद्रवी असते. पण बीमवर किंवा कॉलमवर तिरकी भेग दिसली, ती रुंद होत चालली, दारं-खिडक्या अचानक अडकू लागल्या, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आणि खडी-माती पडू लागली, कडकड आवाज येऊ लागले, तर दागिने शोधत बसू नका. शेजाऱ्यांची दारं ठोठवत खाली उतरा.

आगीबाबत म्हणाल तर घरातलं वायरिंग आधी पाहा. दोन पंखे आणि चार दिवे यांसाठी घातलेल्या वायरवर आज आपण एसी, गीझर, मायक्रोवेव्ह चालवतो. वारंवार फ्यूज जातो म्हणून जाड तार बांधणं म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणं. विजेच्या स्कूटरची बॅटरी रात्रभर जिन्यात किंवा दारापाशी चार्जिंगला लावू नका. खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी एक झडप ठेवा, किल्ली तिच्याजवळच ठेवा. तेलाची कढई पेटली तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण ठेवा. विजेच्या आगीवरही पाणी नको. आग आवाक्याबाहेर जाते आहे असं वाटताच बाहेर पडा, येताना दार ओढून घ्या, कारण बंद दार धुराला बराच वेळ अडवतं. लिफ्ट वापरू नका. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चला. जिना धुरानं भरला असेल तर घरातच राहा, दाराच्या फटीत ओली चादर कोंबा, खिडकीत उभं राहून हाक द्या आणि १०१ किंवा ११२ला फोन करून मजला नीट सांगा. अग्निशमन दलाची गाडी आत वळू शकेल एवढी जागा इमारतीभोवती मोकळी आहे का, हे आज रात्री घरी जाताना एकदा पाहा.

एक गोष्ट शेवटी सांगायला हवी. मुंब्रा, भिवंडी यांसारख्या ठिकाणी स्वस्तात घर घेणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला कागद वाचता येत नाहीत असंही नसतं. परवान्याचं घर त्याच्या ऐपतीबाहेर असतं आणि पावसाळ्याआधी डोक्यावर छप्पर हवं असतं. त्यामुळं सगळा दोष राहणाऱ्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. परवानगीशिवाय मजले चढत असतात तेव्हा ते रस्त्यावरून सगळ्यांना दिसत असतात. ते थांबवणं ही ज्यांची नोकरी आहे, त्यांनाही दिसत असतात. त्यांना वेळेवर जाब विचारणं हे आपलं नागरिक म्हणून काम आहे, इमारत कोसळल्यावर मेणबत्त्या लावणं त्यानंतरचं.

चांगल्या घराला वर्षानुवर्षं काहीच होत नाही. त्याची बातमी येत नाही. त्या मिस्त्रीचं नाव कुणाला माहीत नसतं ज्यानं सांगूनसुद्धा जास्तीची बादली ओतली नाही. दहा दिवस उन्हात उभं राहून स्लॅबवर पाणी मारणाऱ्या बाईचं नाव कुठल्याही कोनशिलेवर नसतं. आपण रात्री निर्धास्त झोपतो ते अशा माणसांच्या भरवशावर. त्यांनी झाकण्यापूर्वी नीट केलेलं काम आपण झाकल्यानंतर नीट सांभाळायचं, एवढीच आपल्याकडून अपेक्षा आहे. त्याची सुरुवात उद्या सकाळी गच्चीवर जाऊन पंपाचं बटण दाबण्यापासून करता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)